मशीनताईंची यादी राहते कुठे

शिलाई मशीन अडलं की माणसं आधी त्याला दोन थापट्या मारतात, मग शेजारणीला विचारतात, मग घरातल्या पुरुषाच्या हाती स्क्रूड्रायव्हर देऊन अडचण दुप्पट करून घेतात, आणि शेवटी मशीनताईंना फोन करतात. बावीस वर्षांत हा क्रम बदललेला नाही, असं ताई सांगतात. त्या येतात त्या खांद्याला कापडी पिशवी अडकवून. पिशवीत तेलाची कुपी, सुयांच्या डब्या, जुने रंगाचे ब्रश, चिमटा आणि एक छोटा आरसा. मशीनच्या पोटाखाली मान न घालता बघता यावं म्हणून तो आरसा. उंचीने बेताच्या, आवाजाने खणखणीत, आणि डोळे असे, की समोर काही बंद दिसलं की ते उघडून बघेपर्यंत त्यांना चैन पडत नाही.

ही खोड जन्माची. सहाव्या वर्षी त्यांनी घरातलं गजराचं घड्याळ उघडलं होतं. परत जोडल्यावर दोन स्क्रू उरले, पण घड्याळ आधीपेक्षा नीट चालायला लागलं, असं ताईंचं म्हणणं. त्यांच्या आईचं म्हणणं शेवटपर्यंत वेगळं होतं. पुढे त्या कपड्यांच्या कारखान्यात लागल्या. तिथे मशीन अडलं की हात वर करून बसायचं, मेकॅनिक आपल्या सवडीने येणार, असा नियम होता. ताईंनी एक हात वर ठेवला आणि दुसऱ्या हाताने झाकण उघडलं. मेकॅनिक आला तेव्हा मशीन चालू होतं आणि हात अजून वरच होता. तो चिडला नाही. "काय केलंस?" असं त्याने विचारलं आणि ताईंनी सांगितलं. महिन्याभरात त्या त्याच्या हाताखाली होत्या, आणि काही वर्षांनी स्वतःच्या पायावर.

त्यांचा सगळा धंदा त्यांच्या फोनमधल्या यादीवर चालायचा. अकराशेच्या वर नोंदी, आणि त्यातली एकही माणसाच्या नावाने नाही. "काळं पायमशीन, लिफ्ट बंद". "कुत्रा बांधलेला असतो, तरी विचारावं". "जाड चष्मा, सुई उलटी लावते". "आजोबा गेले, विषय काढू नये". नावं विसरायला होतात, मशीन विसरायला होत नाही, हे त्यांचं साधं तत्त्व. प्रत्येक नोंदीखाली मशीनची प्रकृती लिहिलेली: पट्टा कधी बदलला, ताण कुठे बिघडतो. आणि कॅलेंडरमध्ये दर सहा महिन्यांनी तेलपाण्याची आठवण. गिऱ्हाइकांना त्या सांगायच्या, "तुम्ही शिवायचं काम करा, आठवण ठेवायचं काम माझं."

आणि मग त्यांनी फोन बदलला.

जुना फोन म्हातारा झाला होता, तो दुकानात देऊन टाकला आणि नवा घेतला. नव्या फोनवर आपलं खातं उघडताना त्यांनी पासवर्ड चुकवला. एकदा चुकवला, दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा तर इतक्या आत्मविश्वासाने चुकवला की खातं बंदच झालं. "तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री पटवा," असा मजकूर आला. खात्रीसाठी कंपनीने एक आकडा पाठवला, तो कुठे? तर ताईंनी सहा वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या नंबरवर. मग अर्ज, मग "आम्ही तपासतो आहोत", मग नुसतीच शांतता.

अकरा दिवस ताई आंधळ्या झाल्या. फोन वाजायचा आणि पडद्यावर नुसता नंबर.

"ताई, मी बोलतेय."

"बोला की. मशीन कोणतं?"

"अहो, मी! ओळखलं नाहीत?"

आवाजावरून मशीन ओळखायची वेळ आली. दोन वेळा त्या चुकीच्या घरी गेल्या. एका ठिकाणी तर यजमानीणबाईंनी त्यांना आत घेऊन चहा पाजला आणि मग विचारलं, "पण आमच्याकडे मशीनच नाहीये, तुम्ही कोण?"

या अकरा दिवसांत दुसऱ्या कुणाला राग आला असता. ताईंना राग आला तो पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात एक प्रश्न शिरला आणि रागाची जागा त्याने घेतली. यादी फोनमध्ये नव्हती, हे उघड होतं. मग ती होती कुठे?

फोनच्या दुकानातल्या माणसाला त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "वर आहे."

"वर म्हणजे?"

"क्लाउडमध्ये."

"ते कुठे आलं?"

माणसाने छताकडे बोट केलं. छतावर पंखा होता.

घरी येऊन त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. नवरा शहरबसवर ड्रायव्हर. इमारतीत त्याला सगळे 'साहेब' म्हणत, हुद्द्यामुळे नव्हे तर तो दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलायचा म्हणून. साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि त्या दिवसातलं एक वाक्य खर्च केलं: "वर गेलेलं परत आलेलं मी तरी बघितलं नाही."

पण बाराव्या दिवशी ते परत आलं. खातं उघडलं, अकराशे नोंदी जशाच्या तशा. जीव भांड्यात पडला. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव घरांत ती संपलीच असती. पण ताईंनी तोवर कपाटाचं दार उघडलं होतं. आत काय आहे ते न बघता ते लावून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या उठल्या आणि वन्संकडे गेल्या.

वन्सं म्हणजे साहेबांची थोरली बहीण, ताईंची नणंद. सार्वजनिक ग्रंथालयात तीस वर्षं काढलेली बाई. भावाने वाचवलेले सगळे शब्द हिच्या वाट्याला आले असावेत. ग्रंथालयाची कार्डं कपाटातून कॉम्प्युटरवर गेली तेव्हा ते सगळं स्थलांतर वन्संनी अंगावर घेतलं होतं, आणि तेव्हापासून कॉम्प्युटर हे प्रकरण त्यांना सासरच्या माणसासारखं झालं होतं: विश्वास पूर्ण नाही, पण भीतीही नाही.

"वहिनी, वर-बिर काही नसतं," वन्सं म्हणाल्या. "कुणाच्या तरी मोठ्या खोलीत मोठी मशीनं असतात, त्यातल्या एकात तुझी यादी. बस्स."

"मशीनं?" ताईंचे डोळे चमकले. "मग ते मशीन आपल्या घरात नाही ठेवता येणार?"

"येतं म्हणतात," वन्सं म्हणाल्या. "मी कधी करून बघितलं नाही."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि पुढचे चार रविवार ठरून गेले.

ग्रंथालयातून रद्दीत निघालेला एक लॅपटॉप वन्संनी आणला. पडद्याची बिजागरी तुटलेली, तीन बटणं गायब, आणि चालू केला की पोटातून टक्‌टक् आवाज. ताईंनी कान लावला. "हे काहीतरी फिरतंय आणि अडखळतंय," त्यांनी निदान केलं. मागचं झाकण काढलं. पंख्यात इतकी धूळ होती की एखादी उशी भरावी. ती ब्रशने साफ केली. टक्‌टक् मात्र डिस्कचीच होती, आणि वन्संनी वाचलं होतं की असा आवाज करणाऱ्या डिस्कवर भरवसा ठेवायचा नसतो. म्हणून नवी डिस्क बसवली. जुनी ताईंनी टाकू दिली नाही. चांदणीच्या आकाराच्या स्क्रूसाठी खास पेचकस शोधून आणला आणि ती उघडली.

आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी, आणि तिच्यावर टेकलेली एक बारीक दांडी. दांडीचं टोक सुईसारखं.

"म्हणजे इथे लिहितात होय," ताई म्हणाल्या. त्यांनी दांडी बोटाने अलगद हलवून बघितली. पुढची दहा मिनिटं त्या ती मागे-पुढे करत राहिल्या. वन्संनी तेवढ्यात चहा केला.

मग लॅपटॉपवर फुकटात मिळणारी एक प्रणाली चढवली आणि तिच्यावर एक छोटा प्रोग्रॅम. त्याला कामं दोनच: तारखा सांभाळायच्या आणि पत्ते सांभाळायचे. ताईंना हे फार आवडलं. "दोनच कामं करणारं मशीन क्वचित बिघडतं," त्या म्हणाल्या. "भरतकाम, काजं, बटणं, सगळं करतो म्हणणारी मशीनंच मला पोसतात." लॅपटॉप घरच्या इंटरनेटच्या डबीला वायरने जोडून बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला, आणि त्याचं नाव 'पेटी' पडलं.

पण घोडं तिथेच पेंड खायला लागलं. फोन पेटीशी बोलेना. आधी फोनने विचारलं, या पत्त्याची ओळख पटत नाही, विश्वास ठेवायचा का?

"अरे, कपाटावर बसलंय ते, मला दिसतंय इथून!" ताई फोनवर ओरडल्या.

विश्वास ठेवला. जोडणी झाली. दोघींनी एकमेकींना टाळी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडणी गायब. वन्संचा पूर्ण रविवार त्यात गेला. शेवटी कळलं ते असं, की घरातली इंटरनेटची डबी प्रत्येक यंत्राला एक आकडा देते आणि मनात आलं की तो बदलते. पेटीला काल एक आकडा होता, आज दुसरा. फोन बिचारा कालच्या दारावर थापा मारत बसलेला. "रोज बिऱ्हाड बदलणाऱ्याला पत्र कसं पोचायचं?" वन्सं म्हणाल्या, आणि डबीच्या आत जाऊन त्यांनी पेटीचा आकडा कायमचा बांधून टाकला. त्यानंतर ती तक्रार आली नाही.

ताईंनी विचारलं, "मी कामाला बाहेर गेले की?"

"बाहेर फोनमधली प्रत तुझ्याजवळ असतेच. काही बदललंस तर ते फोनमध्ये राहील. घरी आलीस, घरचं वायफाय लागलं, की फोन पेटीला सांगेल आज काय काय झालं ते, आणि पेटी त्याला सांगेल इथे काय झालं ते."

"म्हणजे माणसासारखंच. घरी आल्यावर बोलायचं."

"काही माणसांसारखं," वन्सं भावाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या.

यादी कंपनीच्या खात्यातून एका फाइलमध्ये काढून पेटीत घालायची होती. घालण्याआधी वन्संनी त्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. "मूळ प्रत वाचकाच्या हातात द्यायची नसते," एवढंच म्हणाल्या. ती सवय किती उपयोगाची ठरणार होती, हे तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. कारण फाइल घातली आणि फोनमध्ये प्रत्येक नोंद दोनदा दिसायला लागली. जुन्या खात्यातली एक, पेटीतली एक. अकराशेच्या बावीसशे झाल्या. वन्सं म्हणाल्या, सगळं पुसून पुन्हा घालू. पण ताई हट्टाला पेटल्या. आठवडाभर बसमध्ये, जिन्यात, गिऱ्हाइकाच्या घरी तेल मुरेपर्यंत, जिथे वेळ मिळेल तिथे त्या एकेक जुळी नोंद पुसत राहिल्या. त्या निमित्ताने बावीस वर्षांतलं प्रत्येक मशीन त्यांना भेटून गेलं. "जाड चष्मा" अजून सुई उलटी लावत असेल का? "कुत्रा बांधलेला" मधला कुत्रा अजून असेल का? मधेच त्या कुणाला तरी उगाच फोन करायच्या, नुसतं विचारायला. कुत्रा होता. आता बांधावा लागत नव्हता.

मग साहेबांचा फोन जोडायची पाळी आली. साहेब आपल्या ड्युट्या फोनच्या कॅलेंडरमध्ये लिहायचे. ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची, आणि ताईंना रोज विचारावं लागायचं. आता दोघांचं कॅलेंडर पेटीत आलं तर विचारायलाच नको. साहेबांनी फोन काढून दिला आणि पेपर उघडला.

त्या दुपारी, साहेब ड्युटीवर गेल्यावर, ताईंच्या फोनवर हिरव्या रंगाच्या नोंदी उमटल्या. ड्युट्या. डोळे तपासणी. डेपोची बैठक. आणि एकाआड एक बुधवारी, सकाळी साडेदहा वाजता: "सात नंबर".

बुधवार हा साहेबांचा सुट्टीचा दिवस. सुट्टीच्या दिवशी ते "जरा जाऊन येतो" म्हणून जायचे, हे खरं. ताई त्या वेळी कामावर. त्यांनी मागचा महिना बघितला. होतं. मागचं वर्ष बघितलं. होतं. चार वर्षं मागे गेल्यावर पहिला "सात नंबर" सापडला.

सात नंबर काय? दवाखान्यातला पलंग? कुणाचं घर? पत्त्यांचा अड्डा? ताईंच्या अंगात अविश्वास नव्हता, पण कुतूहल होतं, आणि त्याच्या मुंग्या अविश्वासापेक्षा कमी चावत नाहीत. नोंदीवर बोट ठेवलं की ती उघडणार होती. खाली काही लिहिलेलं असेल तर दिसणार होतं. ताईंनी बोट उचललं, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरचं झाकण न उघडता वन्संना फोन लावला.

सगळं ऐकून वन्सं म्हणाल्या, "कोणत्या वाचकाने कोणतं पुस्तक नेलं, हे आम्ही कुणाला सांगत नाही. त्याच्या बायकोलाही नाही. वाचकाने स्वतः सांगितलं तर मात्र भरपूर ऐकून घेतो."

"म्हणजे विचारू?"

"म्हणजे आधी सांग, की तुला दिसतंय."

साहेब संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, बसले. ताईंनी पाण्याचा पेला पुढे ठेवला.

"अहो, तुमच्या कॅलेंडरमधलं सगळं माझ्या फोनवर दिसतं. ड्युट्या बघायला केलं होतं, पण बाकीचंही आलं. मी उघडून बघितलेलं नाही. नको असेल तर बंद करून देते."

साहेबांनी पेला रिकामा केला. "बाकीचं म्हणजे?"

"सात नंबर."

साहेब हसले. ते हसले की आधी कान हलायचे. "अगं, बस आहे ती. सात नंबरची."

"सुट्टीच्या दिवशी बस चालवता?"

"चालवत नाही. बसतो."

ताई वाट बघत राहिल्या. साहेबांनी त्या दिवसाचे सगळे उरलेले शब्द एकदम काढले. "अकरा वर्षं सात नंबर चालवली. मग दुसऱ्या मार्गावर टाकलं. एक दिवस मनात आलं, अकरा वर्षं आपण समोरची काच बघितली, आरसा बघितला, सिग्नल बघितला. बाजूच्या खिडकीतून काय दिसतं, माहीतच नाही. म्हणून जाऊन बसलो. डावीकडची तिसरी खिडकी. शेवटच्या थांब्यापर्यंत आणि परत. फार काय काय आहे गं तिथे."

"आणि मला कधी बोलला नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

बावीस वर्षं परक्यांची झाकणं उघडत हिंडणाऱ्या बाईने घरातल्या माणसाला 'सुट्टीत कुठे जाता' हे विचारलं नव्हतं, ही गोष्ट खरीच होती. ताई थोड्या खजील झाल्या. मग म्हणाल्या, "येत्या बुधवारी मी येते."

बुधवारी दोघं बसमध्ये. साहेबांनी ताईंना खिडकी दिली. कंडक्टरने साहेबांना सलाम केला आणि ताईंकडे बघून भुवया उंचावल्या. बस सुटली आणि एक गंमत झाली. साहेब प्रत्येक इमारत बाहेरून ओळखत होते, ताई आतून.

"ती बघ, गच्चीत पिंजरे."

"आत पिवळं मशीन आहे. पक्ष्यांची पिसं सुईखालच्या शटलमध्ये जातात. दर वेळी काढते मी."

"या दारातले म्हातारबाबा रोज याच वेळी कुलूप तपासतात. तीन-तीनदा."

"कारण बायको आत असते आणि ती विसरून बाहेर जाते. मशीन तिचं. आता चालवत नाही, पण तेल घालून घेते."

साहेब हे ऐकताना मान वळवून वळवून ताईंकडे बघत होते. चार वर्षं नुसत्या खिडक्या जमवलेल्या माणसाला आज खोल्या मिळत होत्या.

बस एका वळणावर मंदावली तसे साहेब पुढे झुकले. "इथे पहिल्या मजल्यावर एक बाई शिवत बसलेली असते. कायम. मान खाली. आणि भोवती तिकोनी कापडांचा ढीग. मला कळलंच नाही कधी, इतके तिकोने कशाला? पताका म्हणावं तर सगळे काळे. गेल्या दोन-तीन खेपा ती दिसत नाही. मशीनवर चादर टाकलीये."

ताईंनी वर बघितलं. निळे पडदे. "अहो, ही माझी! निळे पडदे, जुनं हातमशीन!" त्यांनी फोन काढून शोधलं. "निळे" वर काही नाही. "पडदे" वर काही नाही. "हातमशीन" वर सतरा निघाली, त्यात ही नव्हती. जुळ्या नोंदी पुसताना एक ठेवायची, एक काढायची. या बाईच्या दोन्ही गेल्या होत्या. आणि नोंद बघून तारखा ताडून बघायची त्यांची पद्धत असल्यामुळे, 'ही कुणाची' असं म्हणून तेलपाण्याची बेवारस आठवणही त्यांनीच पुसली होती.

"उतरा," त्या म्हणाल्या.

साहेब चार वर्षांत अधल्यामधल्या थांब्यावर कधी उतरले नव्हते. पण उतरले.

दार उघडलं ते साठीतल्या एका बारीक बाईने. ताईंना बघून ती आत वळली. दोघं मागोमाग गेली. खिडकीशी मशीन, त्यावर चादर, शेजारी काळ्या तिकोनी तुकड्यांची चळत, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत.

"मला वाटलं, तुम्ही काम सोडलंत," बाई म्हणाली. "चाक हलत नाही, महिना झाला."

"मग फोन का नाही केलात?"

"मी कशाला करू? तुम्हीच म्हणालात, आठवण ठेवायचं काम माझं."

ताईंनी पिशवी खाली ठेवली, चादर काढली आणि चाकाला हात लावला. घट्ट. झाकण उघडलं. शटलच्या खोबणीत धाग्याचा गोळा अडकलेला, आणि जुनं तेल वाळून त्याचा गोंद झालेला. त्यांनी पातळ तेल सोडलं. "अहो, चाक धरा. नुसतं धरून ठेवा, फिरवू नका." साहेबांनी स्टिअरिंग धरल्यासारखं दोन्ही हातांनी चाक धरलं. ताईंनी चिमट्याने धागा तोडून तोडून काढला, आरसा खाली धरून खोबण साफ केली, नवी सुई बसवली. मग सुई खाली जाते त्या क्षणी शटलचं टोक तिथे हजर आहे की नाही, हे बघत बघत चाक पुढे-मागे केलं. केसभर उशीर होत होता. तो काढला.

"आता फिरवा," त्या साहेबांना म्हणाल्या. चाक फिरलं.

काम चालू असताना साहेब त्या चळतीकडे बघत होते. त्यांच्या मनात काय चाललंय, हे ताईंना दिसत होतं, पण त्यांनी मुद्दाम तोंड उघडलं नाही. शेवटी साहेबांनी घसा खाकरला.

"विचारू का एक? हे तिकोने कशाचे?"

बाईने एक तुकडा उचलला, दुसरा त्याला जोडून धरला, मग तिसरा. "आठ जोडले की छत्री," ती म्हणाली. "छत्रीवाल्यांना शिवून देते मी. काड्या ते लावतात."

"छत्री!" साहेब म्हणाले. त्यांनी खिडकीतून खाली रस्त्याकडे बघितलं, आपली बस जिथून जाते तिथे, मग पुन्हा त्या तुकड्यांकडे. "छत्री होय!" चार वर्षांचं कोडं सुटल्यावर माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते. बाईला त्यात इतकं काय आहे ते कळेना. मग ताईंनी तिला सांगितलं, की हे गृहस्थ चार वर्षं तुम्हाला बसमधून बघतायत. ती आधी दचकली, मग हसली आणि म्हणाली, "तरीच. दर पंधरवड्याला एक माणूस मान वर करून बघतो, मला वाटायचं इमारत पडायला आलीये की काय."

तिने चहा केला. निघताना ताईंनी तिचा नंबर विचारला नाही. तो परत मिळवायची त्यांची वेगळी वाट होती. त्या तडक ग्रंथालयात गेल्या. वन्संनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि काही न बोलता पुढे ठेवला. त्यांना बोलायचं खूप होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मूळ फाइल आणि पेटीतली यादी दोघींनी शेजारी शेजारी लावून ताडल्या. निळ्या पडद्यांसकट एकूण नऊ मशीनं हरवलेली निघाली. नऊही परत घातली. पुढच्या पंधरवड्यात ताई त्या नऊ घरी स्वतःहून जाऊन आल्या आणि प्रत्येक ठिकाणी खरं कारण सांगितलं. सातजण हसले. एकीने दुसरा कारागीर धरला होता. एकाला ताई कोण तेच आठवेना, आणि ताईंनाही त्याचं मशीन आठवेना. दोघांनी मिळून ते उघडून बघितलं.

तेव्हापासून दर रविवारी पेटीची एक प्रत निघते आणि वन्संच्या घरी जाऊन राहते, आणि वन्संनीही आता आपल्या वाचक-मंडळाच्या तारखा पेटीत घातल्या आहेत. कंपनीचं जुनं खातं ताईंनी रागाने बंद केलं नाही. ते तिथे रिकामं पडून आहे. पेटी एकदा वीज गेल्यावर उठलीच नाही. ताईंनी झाकण काढलं, एक सैल वायर दाबली, आणि ती उठली. "आता निदान कळतं तरी, कुठे दाबायचं ते," त्या म्हणाल्या.

साहेबांचं कॅलेंडर बंद करायचं का, हा विषय राहूनच गेला होता. ताईंनी एकदा आठवण केली तेव्हा साहेब म्हणाले, "राहू दे." आणि दोन दिवसांनी, ताई एका जिन्यावरून उतरून घरी आल्या, फोनला घरचं वायफाय लागलं, आणि एक हिरवी नोंद उमटली. पुढच्या बुधवारची. साडेदहा. "चार नंबर. दोघं. डावी बाजू जास्त चांगली असं ऐकून आहे."

साहेब समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ताईंनी तारीख बघितली. त्या दिवशी सकाळी त्यांचं एक काम होतं, जुनं पायमशीन, पट्टा बदलायचा. त्यांनी नोंद उघडली, साडेदहाचे सव्वाअकरा केले आणि फोन ठेवला. जरा वेळाने साहेबांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी तो काढला, बघितला, आणि त्यांचे कान हलले.